ब्लँक बरोबर, कोन बरोबर, तरी चॅनल साडेतीन मिमी मोठा येतोय

नवा_सेटर:
मंडळी, एक चॅनल डोकं खातोय. २ मिमी सीआर (थंड रोलिंगचा) पत्रा, साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. सी आकार आणि टोकांना आत वळलेले ओठ, म्हणजे २०-६०-१२०-६०-२०, सगळी मापं बाहेरून, चार बेंड, चारही ९० चे. मॉडेलवरून सॉफ्टवेअरने ब्लँकची लांबी दिली २६८.५६, लेझरवर कापला, व्हर्नियर लावला, ब्लँक एकदम बरोबर. प्रेस ब्रेकवर व्ही १६ च्या डायवर, म्हणजे १६ मिमी तोंडाच्या व्ही खाचेवर, वाकवला, गुण्या लावून बघितला, कुठूनही उजेड दिसत नाही. ओठ २० आले, बाजू ६० आल्या आणि मधला तळ १२० च्या जागी १२३.६, १२३.७ असा येतोय. प्रत्येक पीसला तेवढाच. लेझरवाला म्हणतो कटिंग बरोबर, डिझाइनवाले म्हणतात मॉडेल बरोबर, मग उरले कोण तर बेंडिंगवाले. हे होतंय कशामुळे?

कानस:
आधी बॅकगेज तपासा, पत्रा मागे टेकवायचा तो अडसर. बोटं ढिली झाली असतील.

उलगडा:
बॅकगेजचा घोळ असता तर ओठ आणि बाजू पण चुकल्या असत्या, त्या बरोबर आल्यात ना. आणि दर पीसला फरक तेवढाच म्हणजे ढिलं काही नाहीये, हिशोबातच काहीतरी आहे. नवा सेटर, एवढं सांगा, सॉफ्टवेअरमध्ये आतला रेडियस किती टाकलाय, के फॅक्टर (वाकताना न ताणला, न दबला जाणारा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) किती टाकलाय, आणि वाकवलेल्या पीसच्या आतल्या कोपऱ्यात रेडियस गेजचं कितीचं पान बसतंय.

नवा_सेटर:
विचारून आलो. रेडियस १, के ०.५. म्हणाले सॉफ्टवेअर उघडलं की तेच असतं, कोणी हात लावलेला नाहीये. गेजचं २.५ चं पान जवळपास नीट बसतंय, १ चं पान कोपऱ्यात जाऊन हलतंय. पण आमच्या पंचचं टोक तर १ चंच आहे, मग आत २.५ येतोच कसा?

उलगडा:
हेच ते. तुम्ही एअर बेंडिंग करताय. पत्रा व्हीच्या दोन खांद्यांवर टेकलाय आणि मधून पंच दाबतोय, पत्र्याला खाली तळ लागतच नाही, त्यामुळे तो पंचच्या टोकाला चिकटून वळत नाही तर स्वतःच्या चालीने वळतो, आणि त्याचा आतला रेडियस ठरतो व्हीच्या तोंडावरून. साध्या एमएसला व्हीच्या १६ टक्के धरायचा. १६ च्या व्हीवर २.५६. तुमचं २.५ चं पान बसलं ते यामुळेच. एसएसला (स्टेनलेस स्टीलला) २० टक्क्यांच्या आसपास जातो, मऊ अॅल्युमिनियमला थोडा कमी येतो. पंचचं टोक यापेक्षा मोठं असलं तरच पंच रेडियस ठरवतो, लहान असलं तर त्याचं काही चालत नाही. फारच टोकदार असेल तर आत चर पडतो तेवढाच.

आता हिशोब बघा, एकदा हाताने केला की कायमचा डोक्यात बसतो. ९० च्या बेंडला कमानीची लांबी म्हणजे १.५७०८ गुणिले (आतला रेडियस अधिक के गुणिले जाडी). बाहेरून मोजलेल्या दोन फ्लँजच्या (बेंडच्या दोन बाजूंच्या) बेरजेतून किती वजा करायचं ते म्हणजे दोनदा (रेडियस अधिक जाडी) वजा ही कमान.

सॉफ्टवेअरने काय धरलं? रेडियस १, के ०.५, जाडी २. कमान ३.१४. दोनदा ३ म्हणजे ६. वजावट २.८६. चार बेंडला ११.४४. मापांची बेरीज २८०, त्यातून गेले ११.४४, उरले २६८.५६. हाच तुमचा ब्लँक.

प्रत्यक्षात काय झालं? रेडियस २.५६, के ०.४२ धरू. कमान ५.३४. दोनदा ४.५६ म्हणजे ९.१२. वजावट ३.७८. चार बेंडला १५.१२. ब्लँक हवा होता २६४.८८. फरक ३.६८. तुमचा तळ किती वाढलाय? १२३.६, १२३.७.

नवा_सेटर:
आईशप्पथ. पण मग तो सगळा फरक तळातच का? चार बेंडला वाटून का नाही गेला?

उलगडा:
कारण तुम्ही दोन्ही टोकांकडून गेज धरून वाकवत आत आलात. ओठ वाकवताना कड बॅकगेजला लावली, बाजू वाकवताना ओठाची बाहेरची भिंत लावली. आणि मशीनच्या कंट्रोलरमध्ये तुमचा डाय टाकलेला असणार, तो स्वतःची वजावट बरोबर धरून गेज सरकवतो, म्हणून ओठ आणि बाजू बरोबर आल्या. जास्तीचा पत्रा जाणार कुठे, शेवटी जिथे गेज लागला नाही तिथे, म्हणजे तळात. कुठला फेस वाढलाय ते बघितलं की चूक ब्लँकची आहे की गेजची हे निम्मं तिथेच कळतं. एकाच टोकाकडून सगळे बेंड मारले असते तर हाच फरक शेवटच्या ओठात निघाला असता, २० चा ओठ २३.७ चा.

जुनं_लोखंड:
एवढं गणित कशाला राव. के ०.३३ धरायचा, सगळीकडे चालतो. आम्ही वर्षानुवर्षं तेच धरतोय.

उलगडा:
काका, चालतो तो सैल कामाला. ह्याच पीसला के ०.३३ धरलात तर वजावट ४.०६, चार बेंडला १६.२५, म्हणजे ब्लँक १.१ मिमी आखूड. एखाद्या ब्रॅकेटला कोणी बघत नाही पण हा चॅनल कशात तरी सरकत बसणार असेल तर १.१ कुठून आणणार? ०.३३ हे आकडे येतात ते तीक्ष्ण बेंडला, रेडियस जाडीपेक्षा लहान असतो तेव्हा. रेडियस वाढत गेला की के ०.५ कडे सरकतो. रेडियस आणि जाडी साधारण बरोबरीला असतील तर ०.४२ च्या आसपास.

आणि खरं सांगू का, लोक के वरून भांडतात पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा रेडियस असतो. वरच्या हिशोबात के ०.५ तसाच ठेवून नुसता रेडियस २.५६ केला तरी ३.६८ पैकी २.७ च्या आसपास फरक तिथेच संपतो. के ने उरलेला एक मिमी.

जुनं_लोखंड:
बरं बाबा. पण मग आम्ही डाय बदलला की ब्लँक पण बदलायचा का? आमच्याकडे ज्या शिफ्टला जो डाय रिकामा तो लावतात.

सेटर_दादा:
काका हेच तर सगळ्या रिजेक्शनचं मूळ आहे. २ मिमीला कोणी १२ चा व्ही लावतो, कोणी १६ चा. दोन्हीवर ९० येतो, गुण्याला दोन्ही पास. पण १२ वर रेडियस १.९२, वजावट ३.५, चार बेंडला १४. म्हणजे ब्लँक २६६ चा लागतो, आणि १६ वर २६४.९ चा. एक मिमीच्या वर फरक नुसता डाय बदलल्यामुळे, आणि दुसऱ्या शिफ्टचा माणूस शपथेवर सांगणार की मी काहीच बदललं नाही, प्रोग्राम तोच, ब्लँक तोच. आणि दाब पण बघा, २ मिमी एमएसला १६ च्या व्हीवर मीटरला साधारण १६-१७ टन, १२ वर २१-२२ टन. लांब पीस असला तर हा फरक मशीनला जाणवतो.

माझ्याकडे मी नियम करून टाकलाय, जॉब कार्डवर ब्लँकच्या मापाच्या खालीच डायचा नंबर. डाय नाही तर काम नाही. ओरडले लोक सुरुवातीला.

रेषा_आणि_माप:
मी डिझाइनच्या बाजूची, शिव्या आमच्या नावाने चालू आहेत म्हणून लिहिते. सॉफ्टवेअरला १ आणि ०.५ असतं हे खरं, पण आम्हाला फ्लोअरवर कुठला व्ही लागतो हे सांगतं कोण? विचारलं की उत्तर येतं "तुम्ही ड्रॉइंग द्या, आम्ही बघतो". जाडीप्रमाणे डायचा तक्ता एकदा हातात द्या, आम्ही बेंड टेबल भरून टाकू, सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सोय असतेच. आणि एक, नुसता ब्लँक २६४.८८ करून वेळ मारून नेऊ नका, मॉडेलमधला रेडियस पण खरा करा. कारण आतून दुसरा पार्ट बसत असेल तर त्याचा कोपरा १ च्या रेडियसला धरून काढलेला असतो, प्रत्यक्षात २.५ आला की तो कोपऱ्यात अडकतो आणि मग असेंब्लीवाले ग्राइंडर घेऊन बसतात.

सेटर_दादा:
हे बरोबर बोललात ताई. दोन्हीकडून आहे.

नवा_सेटर:
आमच्याकडे डाय चार-पाचच आहेत, तक्ता करायचा म्हटलं तर कसा करू? ०.४२ सगळ्याला धरून आकडे काढू का?

उलगडा:
नको, आकडे काढू नका, पत्रा वाकवून मोजा. तुमच्याच पत्र्याची, तुमच्याच डायवर. लेझरवर १०० बाय ५० च्या पट्ट्या कापा, प्रत्येकीवर मार्करने रोलिंगची (कारखान्यात पत्रा लाटल्याची) दिशा लिहा, निम्म्या पट्ट्या रोलिंगला आडव्या वाकतील अशा, निम्म्या समांतर. वाकवायच्या आधी प्रत्येक पट्टी मायक्रोमीटरने आणि व्हर्नियरने मोजून तिच्यावरच लिहा, १०० म्हणून कापली म्हणजे १०० आहे असं धरू नका. मग मध्ये ९० ला वाकवा, आणि कोन खरंच ९० असल्याशिवाय मोजू नका, अर्धा अंश इकडे तिकडे असला की वजावट बिघडते. बाहेरून दोन्ही फ्लँज मोजा, बेरीज करा, त्यातून पट्टीची मूळ लांबी वजा करा. दोन्ही बाजू ५१.८९ आल्या तर बेरीज १०३.७८, वजावट ३.७८. झाला तक्त्यातला एक आकडा. जाडी, मटेरियल आणि व्ही, या तिघांचा एक आकडा. के फॅक्टर वगैरे सॉफ्टवेअर मागून त्यातून काढेल.

फ्लँज मोजताना बर (कापलेल्या कडेचा खरखरीत काठ) काढा आधी. बरवर व्हर्नियर टेकवून दशांशावर भांडणारे लोक बघितलेत मी.

कोरा_पत्रा:
मध्येच विचारतो, विद्यार्थी आहे. व्ही १६ च का? २ मिमीला?

सेटर_दादा:
जाडीच्या ८ पट. ३ मिमीपर्यंत साध्या एमएसला ८ पट, जाड होत जाईल तसा १०, १२ पट. लहान व्ही घेतला तर दाब वाढतो, पत्र्यावर डायच्या खांद्यांचे ओरखडे उठतात. मोठा घेतला तर रेडियस फुगतो आणि लहान फ्लँज व्हीत पडतो. फ्लँज कमीत कमी व्हीच्या ०.७ पट तरी हवा, १६ वर ११-१२ मिमी. ड्रॉइंगमध्ये २ मिमीला ८ चा ओठ दिला की आमची पंचाईत होते, मग लहान व्ही लावा नाहीतर मोठा ओठ वाकवून नंतर कापा.

पोलादी_मन:
एसएसला ८ पट धरू नका हां. ३०४ ला मी १० च्या खाली जात नाही. दाब एमएसच्या दीडपट लागतो आणि स्प्रिंगबॅक (दाब सुटल्यावर पत्रा परत उघडतो तो) पण दोन-तीन अंशाचा असतो, एमएसला एक अंश किंवा त्याच्याही आत. म्हणूनच एअर बेंडिंगचे पंच ८८, ८५ असे येतात, ९० चा पंच घेतलात तर पुढे दाबायला जागाच राहत नाही.

सेटर_दादा:
१० पट घेतलात तर रेडियस पण तेवढा वाढणार की. २ मिमी एसएसला २० च्या व्हीवर ४ चा रेडियस. दिसायला गुबगुबीत. मी ८ वरच काढतो, मशीनला ताकद आहे.

पोलादी_मन:
तुमच्या मशीनला असेल. माझ्या डायच्या खांद्यांना विचारा.

नवा_सेटर:
पट्ट्या वाकवल्या. आडव्यांची वजावट ३.७५ ते ३.८ मध्ये येतेय, समांतर वाकवलेल्या पण तिथेच आहेत. पण एक भलतंच निघालं. त्याच प्रोग्रामवर, पंच तेवढाच खाली, तरी एका गठ्ठ्यातल्या पट्ट्या ९० येतायत आणि दुसऱ्या गठ्ठ्यातल्या ८९ च्या आसपास. दोन्हीवर २ मिमीच लिहिलंय.

उलगडा:
मायक्रोमीटर लावा दोन्हीला. एका गठ्ठ्याची जाडी जास्त निघेल.

नवा_सेटर:
लावला. एक १.९५, दुसरा २.०६.

उलगडा:
झालं तर. एअर बेंडिंगमध्ये कोन पंच किती खाली जातो त्यावर ठरतो. १६ च्या व्हीवर ९० च्या आसपास पंच ०.१ मिमी जास्त गेला की कोन पाऊण अंशाने मिटतो, साधी भूमिती आहे. पत्रा ०.१ ने जाड असला तर पंचने ०.१ जास्त दाबल्यासारखंच होतं. व्ही जितका लहान तितकं हे जास्त जाणवतं. सीआरचं बरं असतं, एचआरच्या (गरम रोलिंगच्या) एकाच शीटमध्ये मध्ये एक जाडी आणि कडेला दुसरी निघते. गठ्ठा बदलला की पहिला पीस मोजायचा, दुसरा काही इलाज नाही. महागड्या मशीनवर वाकवताना कोन मोजणारे सेन्सर असतात, ते आपोआप सांभाळतात.

कानस:
आणि गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या नंबरात, ऑर्डर देणाऱ्यांना तर दंडच केला पाहिजे. १६ गेज म्हणजे किती? अमेरिकन पद्धतीत स्टीलला १.५२, एसएसला १.५९, गॅल्व्हनाइज्डला १.६१, अॅल्युमिनियमला १.२९. एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश वायर गेज, धरलात तर १.६३. एकच १६. ड्रॉइंगवर मिमी लिहा, विषय संपला.

पोलादी_मन:
+१. ह्यावरून मी एक अख्खी लॉट परत जाताना बघितलीय.

लांबपट्टी:
याच धाग्यात विचारून घेतो. २.५ मीटर लांब पीस आहे, टोकांना ९० येतोय, मध्ये ९१-९२. पंच अजून दाबला की मध्ये ९० आणि टोकं ८८-८९. पंच झिजलाय का?

सेटर_दादा:
झिजला असेल तर नेहमीच्या जागेवर झिजलेला दिसेल, बहुतेक मशीनवर मध्यभागीच, कारण लहान पीस सगळे तिथेच वाकवतात. पण तुमचं मला क्राउनिंगचं, म्हणजे बेडला मध्ये द्यायच्या फुगवट्याचं, वाटतंय. सिलेंडर दोन टोकांना असतात, दाब आला की वरचा रॅम मध्ये वर वाकतो आणि खालचा बेड मध्ये खाली वाकतो, केसाएवढंच, पण वर सांगितलंय ना ०.१ ला पाऊण अंश. मशीनला क्राउनिंग असेल, वेजचं किंवा हायड्रॉलिक, तर जाडी आणि लांबीप्रमाणे लावा. नसेल तर जुना उपाय, डायखाली मध्यभागी कागदाच्या पट्ट्या, सगळ्यात लांब पट्टी खाली, वर त्याहून आखूड, वर अजून आखूड, म्हणजे उतार येतो. साधा कागद ०.१ च्या आसपास जाड असतो. वेडगळ वाटतं पण चालतं. पट्ट्या तेलाने भिजल्या की बदलाव्या लागतात.

ठिणगी:
बेंडिंगवाल्यांचं झालं असेल तर लेझरबद्दल विचारू का. ४ मिमी एमएस ऑक्सिजनवर कापतो, कड एकदम गुळगुळीत येते, पार्ट पावडर कोटिंगला जातात आणि परत तक्रार. कडेचा पेंट नखाने उचलला की आख्खी पट्टी सुटून येते. मधल्या भागाचा पेंट पक्का, फक्त कापलेली कड. पेंटवाला म्हणतो लेझरचा दोष, तेल लावता म्हणून. आम्ही तेल लावत नाही.

नेस्टिंगवाली:
त्या सुटलेल्या पट्टीची मागची बाजू बघा, करडी-काळी असेल. ते ऑक्साइड आहे. ऑक्सिजनने कापताना लेझर नुसता वितळवत नाही, लोखंड ऑक्सिजनमध्ये जळतं, त्या जळण्याचीच बरीचशी उष्णता कटिंगला मिळते, म्हणून कमी पॉवरवर जाड प्लेट कापता येते. पण त्या जळण्याचा थर कडेवर राहतो. पेंट त्या थराला पक्का धरतो, थर लोखंडाला पक्का धरत नाही. म्हणजे पेंटवाल्याचंही बरोबर, तुमचंही बरोबर.

इलाज दोन. एक, नायट्रोजनवर कापा. नायट्रोजन जळू देत नाही, नुसता वितळलेला धातू खाली उडवतो, म्हणून त्याला प्रेशर खूप लागतं, १० ते २० बार, आणि गॅस भरपूर जातो. ऑक्सिजन जाड प्लेटला एका बारच्या आसपास पण चालतो. ४ मिमीला मशीनची पॉवर पुरेशी असेल तर नायट्रोजनवर कड चांदीसारखी येईल आणि वेग पण जास्त मिळेल. दोन, ऑक्सिजनवरच कापा पण कड घासून किंवा ब्रशच्या मशीनमधून काढून, नाहीतर अॅसिडमध्ये पिकलिंग करून थर उतरवा, मगच पेंट. शॉट ब्लास्टमध्ये कड नीट सापडत नाही कधीकधी, मारा सपाट बाजूवरच होतो.

ठिणगी:
कॉम्प्रेस्ड एअरवर कापलं तर? बाजूच्या युनिटवाले एअरवरच कापतात.

नेस्टिंगवाली:
एअरमध्ये ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. पातळ पत्र्याला मस्त चालतं, कडेला किंचित पिवळट रंग आणि अगदी पातळ थर येतो, बऱ्याच पेंटला तो पुरेसा धरतो पण तुमच्या पेंटवर टेस्ट करून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका. एअर मात्र कोरडी आणि तेल नसलेली हवी, फिल्टर आणि ड्रायर स्वस्तातला घातलात तर प्रोटेक्शन काच जाते, मग लेन्स. आणि एसएसला एअर लावू नका दिसणारं काम असेल तर, कड काळपट येते.

नायट्रोजन बंद खोलीत वापरत असाल तर हवा खेळती ठेवा, हा वास नसलेला गॅस माणसाला कळायच्या आत आडवा करतो.

कोरा_पत्रा:
लेझर असताना शीअर (पत्रा कापायची मोठी कात्री) आणि प्लाझ्मा का वापरतात अजून?

कानस:
सरळ रेघ मारायला लेझर कशाला लागतो? शीअरला एक धडका आणि काम झालं, गॅस नाही काही नाही. ब्लेडमधली फट मात्र जाडीप्रमाणे लावायची, जाडीच्या ५ ते १० टक्के. फट जास्त झाली की बर येते आणि कड दुमडते, कमी झाली की ब्लेड जातं आणि कडेवर दुहेरी रेघ दिसते. अरुंद पट्टी कापलीत तर ती जिलबीसारखी पिळून खाली पडते, कारण वरचं ब्लेड तिरकं असतं. तिरकेपणा कमी करा, पीळ कमी होईल, पण दाब वाढेल. प्लाझ्मा जाड प्लेटला, कड थोडी उतरती येते हे धरून चाला. आणि एअर प्लाझ्माची कड तशीच वेल्डिंगला घेतलीत तर वेल्डमध्ये छिद्रं, नायट्रोजन बसतो कडेत. ग्राइंड करून घ्या.

ठिणगी:
गॅसचं बोलणं करतो मग इकडे. ग्राहकाला चकचकीत कड पण हवी आणि दर पण जुनाच हवा 🙂

रेषा_आणि_माप:
भोकांचं पण लिहा कोणीतरी, आमचीच चूक काढायची असेल तर तीही काढा.

सेटर_दादा:
काढतो की. ह्याच चॅनलच्या ६० च्या बाजूवर बेंडजवळ स्क्रूचं भोक आहे असं समजा. त्याची कड बेंडच्या आतल्या भिंतीपासून कमीत कमी दोन जाड्या अधिक रेडियस एवढी लांब हवी, इथे साडेसहा मिमी. त्याहून जवळ दिलंत तर भोक लेझरवर गोल येतं आणि वाकवल्यावर बेंडकडे ओढलं जाऊन अंड्यासारखं होतं, स्क्रू तिरका बसतो. आणि तसं बघायला गेलं तर व्हीच्या निम्म्या तोंडाच्या आत, म्हणजे ८ मिमीत, येणारं प्रत्येक भोक थोडंफार हलतंच. जवळच हवं असेल तर बेंडच्या रेषेवर एक चीर द्या म्हणजे ताण तिथे तुटतो, नाहीतर वाकवल्यावर ड्रिल.

वाकणार_नाही:
उशीरा आलो, पण माझा वेगळा त्रास आहे. ३ मिमी अॅल्युमिनियम ६०६१-टी६, बेंडच्या बाहेरून चक्क तडा जातोय. व्ही २४, स्पीड कमी केला, काही फरक नाही.

उलगडा:
६०६१-टी६ हा वाकवायचा माल नाहीच हो. २४ च्या व्हीवर ३-४ मिमीचा रेडियस येणार, त्याला जाडीच्या कित्येक पट रेडियस लागतो. चालत असेल तर ५०५२-एच३२ घ्या, तो ह्याच डायवर आनंदाने वाकतो. ६०६१ च पाहिजे असेल तर मोठ्या टोकाचा पंच आणि मोठा व्ही, किंवा अॅनील करून (तापवून मऊ करून) वाकवा आणि मग परत हीट ट्रीट करा, पण त्यात पार्ट वेडावाकडा होतो आणि माप गेलं.

वाकणार_नाही:
ग्राहक मटेरियल बदलू देत नाहीये, स्ट्रेंथ पाहिजे म्हणतो. रेडियस वाढवायला तयार होईल बहुतेक. काही पीसना मात्र तडा जात नाही, त्याचं काय कारण असेल? मटेरियल तेच, शीट तेच.

नेस्टिंगवाली:
नेस्टिंग, म्हणजे शीटवरची पार्टची मांडणी, बघा. जागा वाचवायला सॉफ्टवेअर काही पार्ट ९० मध्ये फिरवून बसवतं, मग एकाच शीटमधले निम्मे पार्ट रोलिंगला आडवे वाकतात आणि निम्मे समांतर. बेंडची रेघ रोलिंगच्या दिशेला समांतर आली की तडा जातो, आडवी असली की निभावतं. सॉफ्टवेअरमध्ये फिरवायला बंदी घालता येते, थोडं स्क्रॅप वाढेल. दोन्ही दिशांना बेंड असतील तर सगळा पार्टच ४५ मध्ये बसवायचा.

कानस:
आणि बर कुठल्या बाजूला ठेवता तेही बघा. बेंडची बाहेरची बाजू ताणली जाते, तिथे बर असली की तडा बरच्या टोकापासूनच सुरू होतो. बरची बाजू आत, पंचकडे. आणि बेंडच्या रेषेची दोन्ही टोकं कानसीने मोडून घ्या, एक हात मारला तरी पुरतो.

वाकणार_नाही:
फुटलेले पीस काढून बघितले, सगळ्यांची बर बाहेरच्या बाजूलाच आहे, आणि शीटवरच्या रेघा बघितल्या तर बेंड समांतर. न फुटलेल्यांत दोन्ही तऱ्हेचे आहेत पण बर आत. उद्या फिरवणं बंद करून आणि बर आत ठेवून एक शीट काढतो, पंच ६ च्या टोकाचा आहे कपाटात, तो चालेल का ३ मिमीला?

उलगडा:
६ म्हणजे जाडीच्या दुप्पट, ६०६१-टी६ ला कमीच आहे. आडव्या दिशेला एखादवेळेस निभावेल, भरवसा नाही. १० च्या टोकाचा मिळाला तर तो लावा, आणि व्ही पण ४० च्या पुढचा घ्या, नाहीतर एवढा जाड पंच व्हीत उतरायलाच जागा नाही. ब्लँकचं माप परत काढावं लागेल, २४ च्या व्हीची वजावट इथे चालणार नाही.

वाकणार_नाही:
१० चा बाजूच्या टूल रूममध्ये आहे. मागून आणतो, पट्टीवरच आधी बघतो.